दहावीचं पोर चालवण्याची पुस्तिका
(नवख्या पालकांसाठी, जुबैल आवृत्ती)

आधी यंत्राची ओळख करून घ्या. वय पंधरा, उंची बापाच्या कानापर्यंत, इंधन चपाती-भाजी आणि डबा लपवून खाल्लेले चिप्स. नेमप्लेट नाही. कंप्रेसर विकत घेतला तर किती दाबाला, किती फेऱ्यांनी चालवायचा हे पत्र्यावर कोरलेलं असतं. पोराच्या बाबतीत ते शेजाऱ्याच्या मुलीच्या टक्क्यांवरून ठरवतात.

पायरी पहिली : वेळापत्रक. इथे सौदीतल्या जुबैलमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. पुण्याचा ऑनलाइन क्लास टेस्ट घेतो रविवारी सकाळी आठला, म्हणजे आपल्या घड्याळात साडेपाचला, आणि त्यानंतर लगेच शाळेची बस, कारण रविवार हा इथे आठवड्याचा पहिला दिवस. शुक्रवार-शनिवार मग शाळेचा राहिलेला अभ्यास आणि क्लासचा येणारा अभ्यास यांत जातो. दोन देशांच्या सुट्ट्या एकत्र केल्या की बाकी शून्य उरते. हे गणित जमलं की पहिली पायरी पूर्ण.

पायरी दुसरी : प्रेरणा. जुबैलमध्ये ती इकाम्यापासून, म्हणजे इथल्या निवास-परवान्यापासून, सुरू होते. 2017च्या जुलैत घरच्या प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल फी लागू झाली, ती दरवर्षी वाढत 2020मध्ये 400वर गेली. ‘‘तू नुसता इथे श्वास घेतोस त्याचे वर्षाला 4800 रियाल जातात,’’ हे वाक्य जेवताना म्हणावं. आमच्या चिरंजीवांनी त्यावर, ‘‘मग श्वास कमी घेऊ का?’’ असं विचारलं होतं. याचं उत्तर पुस्तिकेत नाही.

इकामा चालला नाही तर बक्षीस. नव्वदच्या वर गेलास तर प्लेस्टेशन. एडवर्ड डेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1971 साली हा प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवायचे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्यांनी मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे आधीपेक्षा कमी पाहिलं. पण डेसीसाहेबांच्या मुलाला दहावीचं बोर्ड नव्हतं, असं म्हणून आपण प्लेस्टेशन घ्यावं.

पायरी तिसरी आणि चौथी आम्ही घाईत एकदम केल्या. तुम्ही तसं करू नका.

काय चुकलं ते मोटरच्या गोष्टीवरून कळेल. मोटरवर भार जास्त पडला की ओव्हरलोड रिले उडतो आणि मोटर बंद पडते. नवा हेल्पर वैतागतो, रिले पुन्हा पुन्हा दाबून सुरू करतो. आणखी शहाणा असेल तर बायपास करतो. मग एक दिवस वाइंडिंगचा तो गोडसर जळका वास येतो, आणि तो एकदा आला की करण्यासारखं काही उरत नाही. आपण काम करतो त्या प्लांटमध्ये साधा अलार्म बायपास करायचा तर वरच्या साहेबांच्या सह्या लागतात. घरी? नोव्हेंबरात पोराचं सकाळी पोट दुखायला लागलं. ‘‘नाटकं.’’ डिसेंबरात ते एकच पान तासभर उघडं ठेवून बसायला लागलं. ‘‘मोबाइल काढून घ्या.’’ जानेवारीत फुटबॉल आपण होऊन बंद केला, तेव्हा तर आम्हाला आनंद झाला. तीन रिले, तीन बायपास, सही एकाचीही नाही. न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 साली ‘बर्नआउट’वर लिहिलं ते मोफत दवाखान्यात मन लावून राबणाऱ्या माणसांबद्दल होतं, आळशांबद्दल नव्हतं. आपल्या वायरमनला हे आधीपासून ठाऊक आहे : बंद पडलेली मोटर जळत नाही.

आणि हे आपण करतो, ज्यांना शटडाउन म्हणजे काय ते तोंडपाठ आहे! चालता प्लांट ठरवून थांबवायचा, उघडायचा, साफ करायचा, यासाठी आपण महिनोन्‌महिने आधी तक्ते लावतो. पुन्हा सुरू करतानाही हळूहळू तापवतो, नाहीतर जोड फुटतात. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उघड्यावर कामगाराला उन्हात राबवायला या देशात बंदी आहे. त्याच तीन तासांत आपलं पोर एसीखाली व्हेकेशन बॅचला बसलेलं असतं. एसी आहे ना, मग झालं.

पायरी पाचवी आमच्या पोरानेच लिहिली. प्लांटमध्ये यंत्रावर काम करताना आपण त्याला आपलं कुलूप घालतो, लाल टॅग लावतो : नाव, तारीख, ‘चालू करू नका’. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. दुसऱ्याने ते कुलूप तोडलं तर नोकरी जाऊ शकते. हे मी त्याला कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी रात्री पाहतो तर दप्तराच्या दोन्ही चेनमधून सायकलचं कुलूप, आणि लाल स्केचपेनने रंगवलेला पुठ्ठा. नाव. तारीख. ‘शनिवार सकाळपर्यंत. मेंटेनन्स चालू आहे.’

बायको पक्कड घेऊन आली. मी सवयीने ओरडलो, ‘‘हात लावू नकोस!’’

‘‘अहो, सोमवारी प्रीबोर्ड आहे. किल्ली कुठेय?’’

किल्ली त्याच्या हाफपँटच्या खिशात होती, आणि हाफपँट फनातीरच्या किनाऱ्यावर, गोलकीपर म्हणून.