उके पाहिजे

बापूंना आयुष्यात सगळं चालतं. बिनसाखरेचा चहा चालतो, उशिरा आलेली एसटी चालते, न आलेलीही चालते. बिनशिक्क्याचा कागद तेवढा चालत नाही. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात त्यांची हयात गेली. शाळेला मान्यता आहे का, तुकडीला आहे का, शिक्षकाच्या पदाला आहे का, हे तपासता तपासता डोक्यावरचे केस आधी पांढरे झाले आणि मग तेही रजेवर गेले. असा माणूस वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ज्युदोचा ब्लॅक बेल्ट मिळवायला निघाला, तेव्हा तो मान्यताप्राप्तच पाहिजे, हे ओघानं आलं. आणि तिथंच सगळा घोळ झाला.

कारण आमचं गाव माणदेशात. इथं पाऊस नाही, पाणी नाही, ज्युदोचा क्लब तर नाहीच नाही. दोन तालमी आहेत आणि कराटेचे तीन क्लास आहेत. कराटेवाल्यांचं कसं छान असतं. दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी, फोटो आणि नवा पट्टा. बापूंच्या शेजारची चौथीतली पोरगी तेव्हाच ब्राऊन बेल्ट होती. सकाळी दुधाची पिशवी आणायला जाताना ती बापूंकडे जरा वरूनच बघायची.

बापू स्वतः ग्रीन. पुण्यात कॉलेजला असताना शिकले तेवढं शिकले, मग नोकरी लागली, गावी आले आणि पट्टा ग्रीनवरच थांबला. वीस वर्षं थांबला. या काळात सर्व्हिस बुक भरलं, वेतनवाढी लागल्या, आश्वासित प्रगती योजनेचा लाभही पदरात पडला. ज्युदोत मात्र प्रगतीचं साधं आश्वासनसुद्धा कुणी दिलं नाही.

अशी माणसं तालुक्याच्या प्रत्येक गावात एखाददुसरी असतातच. कुणी रिटायर झाल्यावर टपालानं संस्कृतच्या परीक्षा देतो, कुणी पेटी घेऊन मध्यमा पूर्णला अडकलेला असतो. पण संस्कृत एकट्याला घोकता येतं, पेटी एकट्याला बडवता येते. ज्युदोला समोर माणूस लागतो. जो फेकतो तो तोरी आणि जो फेकला जातो तो उके. तोरी व्हायला बापू तयारच आहेत.

बापूंचं वाचन दांडगं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा विषय निघाला की ते जेवणाचं ताट बाजूला सारतात. ‘कानोसाहेबांनी 1882 साली तोक्योतल्या एइशोजी मंदिरात कोदोकान हे ज्युदोचं विद्यालय काढलं ते बारा तातामी चटयांवर. म्हणजे दोनशे चौरस फुटांच्या आसपास. माझी गच्ची पाचशे आहे.’ यावर काय बोलणार? गच्ची खरंच पाचशे आहे. मग त्यांनी मंडपवाल्याकडून गाद्या आणल्या, वर ताडपत्री ताणून बसवली आणि टेलरकडून जाड कापडाचा गी शिवून घेतला. टेलरनं सवयीनं खिसा लावला होता, तो उसवून घेतला. लग्नसराईत गाद्या मंडपात जातात, तेव्हा ज्युदो बंद.

त्या गच्चीवर बापू रोज पहाटे पडतात. ज्युदोत आधी पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि जमिनीला टेकता टेकता हाताचा सपाट फटका द्यायचा, म्हणजे आपटण्याचा जोर हातात वाटला जातो. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, ‘वर चटणी वाटताय का?’ या सरावाचा बापूंना प्रत्यक्ष उपयोगही झाला. स्टँडच्या वळणावर खडीवरून स्कूटर घसरली आणि बापू इतक्या शास्त्रशुद्ध पडले की बघणाऱ्यांनी वाहवा करावी. हनुवटी छातीला, पाठ गोल आणि हाताचा फटका थेट डांबरावर. डोक्याला खरचटलंसुद्धा नाही. हात दोन आठवडे गळ्यात होता.

कानोंची आणखी एक गोष्ट बापूंच्या फार कामाची आहे. तरुणपणी कानोंना फुकुशिमा नावाचा धिप्पाड सोबती काही केल्या पडेना. तेव्हा त्यांनी ग्रंथालय गाठलं, पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकातून एक डाव काढला आणि त्याला खांद्यावर घेऊन टाकला. तोच कातागुरुमा. ‘म्हणजे पुस्तकातून शिकता येतं,’ असं बापूंचं म्हणणं. ते तालमीत वस्तादांना पुस्तकातलं चित्र दाखवायला गेले. वस्तादांनी चष्मा लावून चित्र बघितलं. म्हणाले, ‘ही तर आपली कलाजंग.’ आणि पुस्तक बाजूला ठेवून बापूंनाच खांद्यावर घेऊन तांबड्या मातीत ठेवलं. हळूच ठेवलं, वयाचा मान राखून.

वस्तादांचं आणि ज्युदोचं तरीही जमलं नाही. अंगरख्याला धरून कुस्ती, इथपर्यंत त्यांनी समजून घेतलं. पण 2010 नंतर स्पर्धेत पायाला धरण्यावर बंधनं आली आणि 2013 पासून कमरेखाली हातच लावायचा नाही, हे बापूंनी सांगितल्यावर वस्ताद उठलेच. ‘पट काढायचा न्हाई? मग बापू, तुम्ही नाच शिका.’ त्यातून कातागुरुमा परीक्षेत दाखवावा लागतो, पण पायाला हात घालून केला तर स्पर्धेत चालत नाही, हे सांगायचं धाडस बापूंना झालं नाही.

या सगळ्या खटपटीची कुणकुण लागून एक गृहस्थ मोठ्या शहरातून बापूंना भेटायला आले. सफारी, हातात ब्रीफकेस, ब्रीफकेसमध्ये प्रमाणपत्रं. एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या संस्थेची एजन्सी त्यांच्याकडे होती. बापूंचा अनुभव बघता सरळ तिसरा डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टचीही तिसरी पायरी, देता येईल, म्हणाले. दोन फोटो आणि फी. परीक्षा? ‘तुमचं वय हीच परीक्षा.’

मी तिथं होतो. बापूंनी नमुन्याचं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा ऑफिसातला झाला. कागद जाडजूड, कडेनं सोनेरी वेलबुट्टी, वर पृथ्वीचा गोल, गोलाच्या दोन्ही अंगांना ड्रॅगन. बापूंनी कागद उजेडाकडे धरला. उलटा केला. मग चष्मा कपाळावर सारून अगदी डोळ्याजवळ नेला.

‘जावक क्रमांक कुठाय?’

‘तो नंतर पडतो, सर.’

‘सही कुणाची?’

‘ग्रँडमास्टरांची.’

‘पदनाम?’

‘ग्रँडमास्टर.’

‘संलग्नता कुणाशी?’

‘वर्ल्डशी, सर.’

बापूंनी गृहस्थांना चहा दिला, बिस्किटं दिली आणि मग संलग्नता म्हणजे काय ते तासभर समजावून सांगितलं. क्लब जिल्हा संघटनेला, जिल्हा राज्य संघटनेला, राज्य राष्ट्रीय महासंघाला, आणि तो 1951 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाला. एकेक पायरी सांगताना बापूंचा आवाज भरून येत होता. सगळं कसं मार्फत. शेवटी त्या गृहस्थांनी फी निम्मी केली आणि डॅन चौथा केला, तेव्हा बापूंनी त्यांना स्टँडची वाट दाखवली. हा माणूस चौथा डॅन नाकारून ग्रीन बेल्टवर राहिला, याची गावानं खरं तर नोंद घ्यायला हवी होती. गावानं ‘बापू हुकले’ एवढीच घेतली.

मग त्यांनी गावातच क्लब काढायचं मनावर घेतलं. तालुका क्रीडा संकुलाचा पत्र्याचा हॉल कुलपात असतो, तो आठवड्यातून दोन दिवस मिळावा, असा सहा पानी प्रस्ताव तयार केला. त्यात 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ज्युदोचं कांस्यपदक मिळवणारा मध्य प्रदेशचा कपिल परमार होता, राष्ट्रकुल स्पर्धेत दोनदा रौप्य घेणारी मणिपूरची सुशीला देवी होती, आणि सगळ्यांच्या वर रवींद्रनाथ होते. 1929 साली त्यांनी ताकागाकी या जपानी ज्युदो शिक्षकाला शांतिनिकेतनात आणलं होतं. ‘रवींद्रनाथांना बोलपुरात जमलं, ते आपल्याला इथं का जमू नये?’ असा प्रस्तावाचा शेवट होता. साहेबांनी तो पूर्ण वाचला, हे त्यांच्या शेऱ्यावरून कळलं. शेरा असा: ‘रवींद्रनाथांचा प्रस्ताव कोणामार्फत आला होता?’

बापूंना शेरा आवडला. मुद्दा बरोबर आहे, म्हणाले.

आता ते दर शनिवारी-रविवारी एसटीनं जिल्ह्याच्या गावी जातात. तिथला क्लब संलग्न आहे, रजिस्टर आहे, शिक्का गोल आहे. कोच पतियाळाहून एनआयएस करून आलेला चोवीस वर्षांचा मुलगा. तो बापूंना ‘काका’ म्हणतो आणि आठवीतल्या मुलांना त्यांच्यावर सोडतो. मुलं आधी पाया पडतात आणि मग काकांना टाकतात. बापूंनी हे सगळं हसत सोसलं, रीतसर परीक्षा दिली आणि गेल्या साली ब्राऊन बेल्ट मिळवला. त्या दिवशी शेजारच्या पोरीशी त्यांची बरोबरी झाली. पण तोवर ती ब्लॅक झाली होती.

वयाचं कुणी बोललं की बापू केइको फुकुदांचं नाव काढतात. त्या बाईंना 2006 साली कोदोकाननं नववा डॅन दिला तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. ‘म्हणजे मला अजून चाळीसेक वर्षं आहेत,’ बापू म्हणतात. वहिनी आतून विचारतात, ‘आणि गुडघ्यांना?’

तर आता अडलंय ते पहिल्या डॅनला. त्यासाठी नागे-नो-काता करून दाखवावा लागतो. फेकण्याचे पंधरा डाव, ठरल्या क्रमानं, ठरल्या पावलांनी, प्रत्येक डाव उजवीकडून आणि डावीकडून. म्हणजे एका फेरीत उकेनं तीस वेळा आपटायचं. शनिवार-रविवारच्या गर्दीत क्लबमध्ये कोण कुणासाठी तीस वेळा आपटून घेतो? कोचनं सरळ सांगितलं, ‘काका, तुमची तयारी चांगली आहे. उके तुमचा तुम्ही आणा.’

पहिला उके झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा. कातातला पहिला डाव उकी-ओतोशी. यात पायात पाय घालायचा नाही, कंबर लावायची नाही. मागे सरकत एक गुडघा टेकायचा आणि बाही-कॉलर धरून समोरच्याला अशा बेतानं ओढायचं, की तो चालीच्या ओघात हवेत उलटून पाठीवर जावा. फार देखणा डाव आहे. बापूंनी गुडघा टेकला, ओढलं आणि पोरगा नुसता उभा राहिला. बापू गुडघ्यावर, वर बघतायत, हातात त्याची बाही. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या काकूंना वाटलं, बापू त्याची माफी मागतायत. पुढं पोरगा शिकला, पण इतका शिकला की बापूंनी हात लावायच्या आतच पडायचा. एकदा तर बापू नमस्काराला वाकले आणि तो पडला. आता तो पोलीस भरतीच्या तयारीला गेलाय.

दुसरा ऑफिसचा शिपाई. तो म्हणाला, ‘बापू, आठवडाभर साहेब आपटतात, रविवारी तुम्ही नका.’ तिसरा मेहुणा. तो एकदाच पडला, चौथ्या डावाला, उकी-गोशीला. यंदा भाऊबीजेला आला नाही, फोनवरच भागवलं. वहिनींनी त्या दिवसापासून गच्चीची किल्ली स्वतःकडे ठेवली आहे. मागितल्यावर देतात, पण कोण येणार आहे ते आधी विचारून घेतात.

आमच्या गावात पाडणाऱ्यांची ददात नाही. सोसायटीच्या निवडणुकीत सख्ख्या चुलत्याला पाडतात, अविश्वास आणून सरपंच पाडतात, बांधावरून भावाची भिंत पाडतात. पण दुसऱ्याला पट्टा मिळावा म्हणून, स्वतःहून, डावीकडून आणि उजवीकडून तीस वेळा पडेल असा माणूस अख्ख्या तालुक्यात सापडला नाही. बापू प्रमाणपत्राला हटून बसतात म्हणून आम्ही हसतो. पण तसला माणूस मिळवणं ही खरी परीक्षा असेल, तर डॅन कानोंनी फुकट वाटले नव्हते, हे मान्य करावं लागतं. 1883 साली तोमिता आणि साइगो या दोघांना पहिला डॅन मिळाला, तेव्हा त्यांच्यासाठी आणि त्यांच्याकडून कोण कोण किती आपटलं असेल, याचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून बापूंच्या वतीनं ही विनंती. वजन साधारण सहासष्ट किलो असावं. जेवणाआधी बापूही त्याच गटात बसतात. अनुभवाची अट नाही, पडायला बापू शिकवतील. रविवारी पहाटे साडेपाचला गच्चीवर यायचं, लग्नाची तिथी असेल तर यायचं नाही. चहा, पोहे आणि आयोडेक्स बापूंकडून, परीक्षेला जायच्या-यायच्या एसटीचं भाडंही बापूंकडून. मेहुण्यांनी अर्ज करू नयेत. कराटेवाल्यांनी जरूर यावं, फक्त येताना विटा आणू नयेत.