घरघर घालवावी कशी: नागपुरी नवशिक्यांसाठी

इलेक्ट्रिक गिटार घरात येऊन आठवडा झाला की एक गोष्ट लक्षात येते. आपण वाजवायचं थांबलो तरी अँप थांबत नाही. त्यातून एक संथ, एकसुरी घरघर येतच राहते. डिस्टॉर्शनचं पेडल दाबलं तर ती इतकी वाढते की खालच्या मजल्यावरचे काका गच्चीवर जाऊन मोटर कुणी चालू ठेवली आणि टाकी भरून वाहतेय का ते बघून येतात.

मग कुणीतरी सांगतं, "नॉइज सप्रेसर घे ना बे." सांगणाऱ्याकडे स्वतःचा असतोच असं नाही. पुढच्या सूचना हा सल्ला मिळाल्यानंतरच्या आणि पैसे मोजण्याआधीच्या काळासाठी आहेत. हा काळ जितका लांबवाल तितका बरा.

पायरी पहिली: आरोपी ओळखा

घरघरीचा सूर नीट ऐका. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, मग ती कोराडीहून येवो की आणखी कुठून. पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तारांची थरथर टिपायला बसवलेली ही गुंडाळी भिंतीतल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्रही तितक्याच निष्ठेने टिपते. म्हणून घरघर ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली, १००, १५० अशी येते. सहाव्या, जाड तारेवर तिसऱ्या घरात बोट ठेवलं की ९८ हर्ट्झचा 'जी' मिळतो. शंभरची घरघर त्याच्याहून किंचित चढी. म्हणजे 'जी' धरून बसवलेलं प्रत्येक गाणं विजेशी बेसूर होणार, आणि ट्यूनर विजेला लावता येत नाही.

'श्श्श' असा आवाज वेगळा. तो जास्त गेनचा, अँप आणि पेडलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सचा. मधूनच तुटक टिर्र-टिर्र येत असेल तर खिशातला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण शून्यावर आणा. घरघर गेली तर ती पिकअपमधून येत होती. राहिली तर केबल, पेडल, अडॅप्टर आणि अँप यांची चौकशी लावा. स्ट्रॅटसारख्या गिटारीत तीन अरुंद पट्ट्या दिसतात ते सिंगल कॉइल पिकअप. तुमचे तसेच असतील तर फिरत्या खुर्चीवर बसा आणि हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घरघर चांगलीच पडते. नागपुरातल्या वनबीएचकेत ती दिशा हमखास गोदरेजच्या कपाटाकडे तोंड करणारी निघते. कपाटाकडे बघून वाजवायची सवय करा, खर्च शून्य. हे नको म्हणून गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून हंबकर बनवला. त्यात एकीने पकडलेली घरघर दुसरी खोडते आणि तारेचा आवाज मात्र दोघींचा मिळून येतो. हंबकर असूनही घरघरत असेल तर पुढच्या पायरीवर या. नसेल घरघरत तरी या.

पायरी दुसरी: बोर्ड उघडवा

पेडल निवडायच्या सूचनांत इलेक्ट्रिशियन कशाला, असं वाटेल. अँपच्या प्लगला तीन पिना असतात, त्यातली वरची लांब आणि जाड ती अर्थिंगची. महालातला जुना वाडा असो की बेसा-मनीषनगरकडची नवी स्कीम, माहीतगार माणसाकडून बोर्ड उघडवून घ्या. स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. संवाद साधारण असा होतो:

"दादा, वरच्या भोकाला वायरच नाही?"

"भोक आहे ना, भाऊ."

"पण वायर?"

"ते दाखवाले असते. तुमचा फ्रिज चालून राह्यला ना? मंग?"

फ्रिज चालतो हे कबूल. पण फ्रिजला डिस्टॉर्शन लावून कुणी वाजवत नाही. हिरवी वायर मीटरपर्यंत आणि तिथून जमिनीपर्यंत गेलीच पाहिजे यावर अडून बसा.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर त्यात काही वावगं नाही. तारा ब्रिजमार्गे गिटारच्या ग्राउंडला जोडलेल्याच असतात. पण तारा हातात असताना ओठ माइकला लागले आणि झिणझिणलं, तर वाजवणं तिथल्या तिथे बंद. 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी मे १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर माइकला हात लावताच शॉक लागून गेला. घरघर जाते म्हणून प्लगची तिसरी पिन मोडणारे, नाहीतर टू-पिनचा जुगाड लावणारे गावोगाव आहेत. घरघर जाते हे खरं आहे, कारण दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये तयार झालेला ग्राउंड लूप तुटतो. त्याबरोबर तुमचं संरक्षणही तुटतं. अँप आणि बाकीचं सामान एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. बहुतेक वेळा लूप तेवढ्यानेच मिटतो.

अर्थिंग असलं तरी मे महिना चुकत नाही. मीटरजवळ सिमेंटच्या चौकोनी झाकणाखाली कोळसा आणि मीठ भरलेला खड्डा असतो, त्यात एक पाइप. पारा ४५च्या वर गेला की काळी माती भेगाळते, ओल खोल जाते आणि सुकलेली माती वीज धड वाहून नेत नाही. उपाय जुना आहे: त्या पाइपात संध्याकाळी बादलीभर पाणी ओता. आईची नजर चुकवून ओता, नाहीतर ऐकावं लागतं, "कूलरमध्ये टाकाले पाणी नाही, अन् हा पोट्टा जमिनीले पाजून राह्यला."

पंख्याचा रेग्युलेटर फिरवून बघा. टक्-टक् करत एकेका आकड्यावर थांबणारा असेल तर तो बहुधा निर्दोष. सलग फिरणारा, डिमरच्या जातीचा असेल तर तो प्रत्येक लाटेचा तुकडा छाटतो आणि ती छाटणी अँपमधून ऐकू येते. असा पंखा पूर्ण वेगात ठेवा, नाहीतर बंद करा. स्वस्तातले एलईडी दिवे, लॅपटॉपचा चार्जर आणि स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर हेही एकेक करून बंद करत जा. घरात कुणी सिरियल बघत असेल तर ही तपासणी ब्रेकमध्ये उरका.

कूलरबद्दल स्वतंत्र सूचना. त्याचा पंप सुरू होताना अँपमध्ये एकदा 'टप्प' होतं, बस. पण लोखंडी बॉडीचा, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर एकदा लागला की अँपची घरघर कानावरच पडत नाही. त्यामुळे एप्रिल ते जून नागपुरात नॉइज सप्रेसरची गरज कुणालाही नसते. खरेदी दिवाळीनंतर.

पायरी तिसरी: अडॅप्टर

ही लवकर आटोपते. बहुतेक पेडल ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. माळ्यावरच्या जुन्या खेळण्याचा अडॅप्टर बरोबर बसतो आणि मधला भाग पॉझिटिव्ह निघतो. पेडल जळाल्यावर वॉरंटी कार्ड शोधू नका. सगळी पेडल एकाच अडॅप्टरच्या माळेवर असतील तर डिजिटल डिलेची किणकिण डिस्टॉर्शनमध्ये शिरते. संशयित पेडलला चौकोनी ९ व्होल्टचा सेल लावा. घरघर गेली तर गुन्हेगार अडॅप्टर होता, आणि तुमचे पेडलचे पैसे वाचले.

तरीही पेडल हवंच आहे, हे माहीत आहे. चला.

पायरी चौथी: पेडल

नॉइज सप्रेसर आवाजातली घरघर वेगळी काढून फेकत नाही. मंगल कार्यालयाच्या फाटकावर बसवलेल्या मामांचं जे काम, तेच त्याचं. वरात आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. वरातीत मिसळून न बोलावलेले चार जण आत जेवायला गेले तर मामा काही करू शकत नाहीत. तुम्ही वाजवत असताना घरघर सुराबरोबर आत जातेच, फक्त सुराच्या आड झाकली जाते. थांबलात की फाटक लागतं. सप्रेसर लावूनही सोलोत घरघर ऐकू येते अशी तक्रार करणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा, आणि पहिल्या दोन पायऱ्याही.

फाटक किती आवाजाला उघडायचं हे थ्रेशोल्डच्या बटणाने ठरतं. साध्या पेडलला दोनच तोंडं: एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. त्यांचा गोंधळ असा की डिस्टॉर्शननंतर जोडलं तर घरघरही गाण्याइतकीच मोठी झालेली असते, मग फाटकाला दोघांतला फरक कळत नाही. बॉसचं एनएस-२ हे १९८७ पासून बाजारात असलेलं पेडल चार तोंडांचं आहे. गिटार इनपुटमध्ये घाला, सेंडमधून डिस्टॉर्शनला न्या, डिस्टॉर्शनमधून रिटर्नला आणा, आउटपुटमधून पुढे. फाटक डिस्टॉर्शनवर बसतं, पण उघडायचं की नाही हे इनपुटला आलेल्या कोऱ्या गिटारवरून ठरवतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या सायलेन्सरमध्ये आणि टीसी इलेक्ट्रॉनिकच्या सेंट्रीमध्येही हीच सोय आहे. आयएसपीचं डेसिमेटर एकाच बटणाचं. बटणं दिसली की फिरवत बसणाऱ्यांनी तेच घ्यावं. मूअरचं नॉइज किलर सर्वांत लहान, खिशाला आणि बोर्डाला दोन्हीला परवडणारं. माझं मत विचाराल तर जास्त गेन वाजवत असाल तर चार तोंडांचं घ्या, आणि त्याच वेळी पॅच केबलही जास्तीच्या घ्या. फक्त क्लीन टोनवर जुनी हिंदी गाणी वाजवत असाल तर काहीच घेऊ नका, त्या पैशांत बोर्डाला हिरवी वायर येते.

डिले आणि रिव्हर्ब फाटकाच्या पुढे, म्हणजे आउटपुटनंतर ठेवा. आधी ठेवलेत तर घुमत विरत जाणारा आवाज मधेच छाटला जातो.

थ्रेशोल्ड शून्यापासून सुरू करा. तारा तळव्याने दाबून ठेवा आणि बटण इंचाइंचाने वाढवा. घरघर जिथे गप्प होईल तिथे थांबा, एक केसही पुढे नाही. पुढे गेलात तर लांब खेचलेला सूर शेवटाला 'कट्' होतो. मेटलवाल्यांना तसंच तुटक हवं असतं, त्यांना ही सूचना लागू नाही. बाहेर वरातीचं धुमाल जात असेल तर सेटिंग पुढे ढकला. त्याला थ्रेशोल्ड नाही.

पायरी पाचवी: दुकान

बर्डीवर किंवा सदरला गिटार विकणाऱ्या दुकानात जा आणि नॉइज सप्रेसर मागा. आधी ट्यूनर दाखवतील, मग कॅपो. तिसऱ्यांदा सांगितलं की उत्तर येतं, "मागवून देतो ना भाऊ, दोन दिवसांत." दोन दिवस म्हणजे किती, हे वादात काढू नका. आलं की आपली गिटार, आपलं डिस्टॉर्शन आणि आपला अडॅप्टर घेऊन जा. दुकानातल्या गिटारला हंबकर असतो, वायरिंग नवं असतं, आणि तिथे सगळंच शांत वाजतं. त्यांना एसी बंद करून ट्यूबलाइट लावायला सांगा. थोडा राग येईल त्यांना, येऊ द्या.

घरी आणल्यावर बॉक्स, थर्माकोल आणि पाठीवर चिकटवायचे चार रबरी पाय फेकू नका. पाठीला वेल्क्रोही चिकटवू नका. तोवर हिरवी वायर जोडून झालेली असते, रेग्युलेटर बदललेला असतो, आणि पेडल बंद ठेवलं तरी घरघर येत नाही हे हळूहळू ध्यानात येतं. मग विकायची वेळ येते. घ्यायला येणारा पोरगा पहिल्याच आठवड्यातला, घरघरीने गांजलेला असतो. बॉक्ससकट निम्म्याहून बरी किंमत येते. त्याच्या घरच्या बोर्डात वायर आहे का, हे पैसे हातात पडल्यावर विचारा.