दिवे लागले, वायफाय गेलं

आमच्या सुलतानपुरात बैल घ्यायला चार माणसं जातात. एक जबडा उघडून दात पाहतो, दुसरा खूर उचलतो, तिसरा अंगावरची गोम शोधतो आणि चौथा लांब उभा राहून 'महाग सांगतो' एवढंच म्हणतो. तेवढ्यावरही भागत नाही. जुंपून चार पावलं चालवल्याशिवाय रुमालाखाली बोटं सरकत नाहीत. हीच मंडळी सोयाबीनचे पैसे घेऊन असेंबल कॉम्प्युटर आणायला निघाली की चौकशी एका प्रश्नात आटोपते : कॅबिनेटमध्ये दिवे किती रंगांचे?

रंगाच्या बाबतीत आमचा तालुका एरवी फार चौकस. जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, तर पाण्याचे नमुने थेट नागपूरच्या नीरीत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो प्रताप निघाला. कॅबिनेटच्या गुलाबी उजेडामागे कोणती चिप बसली आहे, हे मात्र कुणी पाहत नाही.

मग १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला, मायक्रोसॉफ्टने हात काढला आणि विंडोज १० चा वाली गेला. विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागितली, इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा मागितला, आणि सेकंड हँड मदरबोर्डावर जुळवलेली आमची यंत्रं दारातच अडली. इतकी कागदपत्रं मागणाऱ्या त्या साहेबाला कुणी चकार शब्दाने बोललं नाही. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाकून देतो." आधी चिपा तपासून घे म्हटलं, तर उत्तर आलं, "फुकटाले कायले पाहा लागते!"

कॉम्प्युटरच्या कोणत्याही दुखण्यावर आमच्याकडे औषध एकच : फॉरमॅट मारणे. उबुंटू या लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर विचारलं जातं, नुसतं चालवून पाहता की टाकूनच देऊ? चालवून पाहिलं तर हार्ड डिस्कला धक्काही लागत नाही. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, झोपवलेला कॉम्प्युटर पुन्हा उठतो का, सगळं चहा निवायच्या आत कळतं. पण पाहण्यात पुरुषार्थ कसला? भाच्याने टाकूनच दिलं. ताईच्या लग्नाचे फोटो गेले, डेस्कटॉप झकास आला, वायफाय आलं नाही. संध्याकाळपर्यंत गावात निकाल लागला : लिनक्स बेकार आहे.

शिक्षा भलत्यालाच झाली. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा वायफायचा डोंगल घ्या. नाव तेच राहिलं, पोटातलं बदललं. पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती. लिनक्सला लावली की चालू. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली आणि तिच्या ड्रायव्हरपायी जगभरच्या पोरांनी रात्री जागवल्या. फरक छापलेला असतो स्टिकरवर, बारीक अक्षरात. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएनके' लिहिलं की प्रत्येक कार्डाचं नाव, क्रमांक आणि त्याला लागलेला ड्रायव्हर ओळीने दिसतो. ज्याच्याखाली ड्रायव्हरची ओळच नाही, तिथे पाणी मुरतंय. यूएसबीतल्या पाहुण्यांसाठी 'एलएसयूएसबी' आहे.

ग्राफिक कार्डाने तर खुद्द लिनक्सकर्त्या लिनस टोरवाल्ड्सचा तोल घालवला. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात त्याने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला बोट दाखवलं. कोणतं, ते सभ्य वाचकांनी विचारू नये. कंपनीने कर्नलची मोड्यूल्स खुली केली मे २०२२ मध्ये, तीही ट्यूरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांपुरती. आमच्यापर्यंत पोचतात ती कार्डं ट्यूरिंगच्या आजोबांच्या वेळची. आणि सेवा केंद्र चालवणाऱ्याने अंगठा घ्यायच्या यंत्राला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, हे त्या यंत्राच्या कंपनीला आधीच विचारावं. नाहीतर रांगेतले अंगठे त्याच्याच नावाने वर होतात, आणि ते शाबासकीचे नसतात.

भाचा आता शहाणा झालाय. नवा डोंगल घ्यायला दुकानात गेला, तर काउंटरवर पहिला प्रश्न त्याचाच : "व्हर्जन कोणतं?"

"एकदम लेटेस्ट, भाऊ!"

"जुनं नाही का?"

सेकंड हँड मदरबोर्डांच्या ढिगाआडून आवाज आला, "जुना माल आपण ठेवतच नाही."