टेस्टिंग मेन्यू : बोईसरच्या घरी पाठवलेला अहवाल

तीर्थरूप आजींस लंडनस्थ कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

ज्या उपाहारगृहात पदार्थापेक्षा पदार्थाविषयीचे निवेदन मोठे असते, आणि काय खावे हे पाहुण्याऐवजी आचारी ठरवतो, त्यास उच्चभ्रू उपाहारगृह म्हणावे, अशी व्याख्या करण्यास हरकत नाही. घराजवळच्या अशाच एका उपाहारगृहात आजींचा नातू, नातसून व पणतू यांनी गेल्या शनिवारी प्रथमच पाऊल ठेवले, त्याचा वृत्तान्त पुढीलप्रमाणे.

आधी प्रतवारीविषयी. मिशलॅन या फ्रेंच टायर कंपनीने १९०० साली मोटारचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. लोकांनी प्रवास अधिक करावा आणि टायर अधिक झिजवावेत, हा तिचा उघड हेतू होता. १९२६ पासून याच मार्गदर्शिकेत उत्तम उपाहारगृहांना तारे दिले जाऊ लागले. तारापूरच्या एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याने आपला माल खपावा म्हणून खानावळींना गुण द्यावेत आणि पुढे साऱ्या जगाने ते प्रमाण मानावेत, असा हा प्रकार आहे. प्रस्तुत उपाहारगृहास अद्याप तारा मिळालेला नाही. दर मात्र तो मिळाल्याचे गृहीत धरून लावलेले आहेत.

तेथे ‘टेस्टिंग मेन्यू’ असतो, म्हणजे आचाऱ्याने निवडलेले लहान लहान पदार्थ एकामागून एक येतात. युरोपातही पूर्वी मेजवानीचे पदार्थ एकदम मांडत असत. ते क्रमाने वाढण्याची रशियन म्हणून ओळखली जाणारी पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. मीठ-लिंबू-चटणी डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे, असे संपूर्ण ताट समोर पाहून कशाला किती भूक राखायची याचा हिशेब करणाऱ्या माणसाची या पद्धतीत पंचाईत होते. आजींच्या नातवाने पुढे काही येईल न येईल या धास्तीने पहिल्या पावावरच हात मारला, आणि पुढे खरोखरच फारसे काही आले नाही.

प्रत्येक पदार्थासोबत त्याचे कुलवृत्त सांगितले जाते : धान्य कोणत्या शेतातले, लोणी कोणत्या गोठ्यातले. घोलवडच्या चिकूला आणि वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळालेले असले, तरी बोईसरच्या घरात कोलमचा भात वाढताना त्याचे चरित्र आजवर कोणी सांगितलेले नाही. सांगितले असते तर भात निवला असता.

मुख्य पदार्थ मासा होता. दोन बोटे रुंदीची पांढरी तुकडी, तिच्या कडेला हिरव्या तेलाचे थेंब आणि वर एकच पान. होडी कोणत्या बंदराची आणि मासा गळाने धरला की जाळ्याने, हे वाढप्याने विस्ताराने सांगितले. परंतु नातसुनेचे माहेर सातपाटीचे, ज्या गावच्या पापलेटची ख्याती एवढी की २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मिळाला तेव्हा तिथे तो जणू घरातलाच सत्कार ठरला. तिने ‘कल्ले लाल होते का’ एवढेच विचारले. वाढपी आत गेला, बऱ्याच वेळाने परतला आणि मासा डोके काढूनच येतो, असे म्हणाला. सातपाटीच्या बाजारात या उत्तरावर व्यवहार तिथेच मोडला असता. तथापि न्याय म्हणून नोंदवले पाहिजे की मासा अप्रतिम शिजलेला होता. कातडी कुरकुरीत, आतला गर ओलसर आणि काटा एकही नाही.

त्यानंतर आचाऱ्याचा ‘शोध’ म्हणून भाजलेल्या कंदावर सुक्या माशाची पूड भुरभुरून आली. वास येताच पणतू ‘आजीची सुकट!’ असे मोठ्याने म्हणाला आणि शेजारच्या मेजावरील दांपत्य आदराने पाहू लागले. याच देशात, युरोपीय महासंघाच्या नियमानुसार मान्यताप्राप्त कारखान्यातलाच मासा चालत असल्याने, १९९०च्या दशकाच्या अखेरीस उघड्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, सुकवलेल्या बोंबलाची आयात काही काळ बंद होती. आता तोच वास चिमटीने मोजून विकला जातो.

सर्वांत मोठी उणीव आग्रहाची. ‘अजून एक घ्या’ असे कोणीही म्हटले नाही. ‘सर्व ठीक ना?’ असे मात्र वारंवार विचारले, आणि हा प्रश्न पोट भरले की नाही याविषयी नसतो, हे कुटुंबास उशिरा उमगले. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क वेगळे होते. आग्रह न करण्याचा हा मोबदला असावा. नातसुनेने पुढच्या महिन्याचे आरक्षण लगेच करून टाकले, कारण तो मासा तसा का शिजतो हे तिला शोधून काढायचे आहे.

कळावे, आशीर्वाद असावेत.

ता. क. – बिलाचा आकडा बाबांनी विचारल्यास कृपया पौंडांतच सांगावा. रुपयांत रूपांतर करून देऊ नये.