खरा पट कळविणाऱ्या मुख्याध्यापकांस अनावृत पत्र

रा. रा. मुख्याध्यापक साहेब यांसी,

सा. न. वि. वि.

आपल्या प्राथमिक शाळेने ३० सप्टेंबरच्या पटाचा जो आकडा वर कळविला तो ५७ असून तो खरा आहे, ही वार्ता तालुक्याच्या ठिकाणी पोहोचल्यापासून संबंधित मंडळींत जी अस्वस्थता पसरली आहे, तिची कल्पना आपणांस कोणी दिली नसावी असे धरून चालून हे अनावृत पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. आकडा चुकला असता तर दुरुस्तीचा अर्ज करता आला असता. उशिरा गेला असता तर मुदतवाढ मागता आली असती. मुळीच गेला नसता तर दोन स्मरणपत्रे आणि एक कारणे दाखवा नोटीस एवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु खऱ्या आकड्यावर करावयाचा इलाज आमच्या खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात दिलेला नाही, आणि म्हणूनच केंद्रप्रमुखांपासून गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना आपण एका फटक्यात निरुत्तर करून सोडले आहे.

आपण ज्या चार मुलांस मुकलात त्यांचे मोल आपणांस ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या मनुष्याविषयी असे म्हणणे अविनयाचे होईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा जो कायदा, त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार, असा जिना बांधून दिलेला आहे. मागाहूनच्या शासननिर्णयांनी त्याच्या पायऱ्या थोड्याफार इकडेतिकडे सरकविल्या असतील, पण जिना तोच आहे, आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक शिक्षक सहकुटुंब उभा आहे. गेल्या वर्षी आपला पट ६३ होता. यंदा शिक्षकपदांची संचमान्यता बाहेर पडेल तेव्हा तीत दोनच पदे मंजूर दिसतील, सेवाज्येष्ठतेत सर्वांत खाली असलेल्या बाई अतिरिक्त ठरतील, आणि समायोजनाच्या यादीत त्यांचे नाव जिल्ह्याच्या अशा टोकाला जाऊन पडेल की जेथे सकाळी एकच एस. टी. जाते आणि ती परत केव्हा येते हे आगारासही निश्चित सांगता येत नाही. मागे राहिलेले आपण दोघे पाच इयत्ता सांभाळाल. म्हणजे पहिलीस अक्षरे गिरवावयास बसवून चौथीस भागाकार सांगाल, भागाकार हातचा घेण्यापर्यंत आला की तांदळाची गाडी आल्याचे कळून तिकडे धावाल, आणि परत येईतो पहिलीने पाटीवर अक्षरांऐवजी घोडे काढलेले असतील. हे सर्व केवळ ६१ भरण्यास कमी पडलेल्या चार नावांसाठी!

आणि ही चार नावे काही आकाशातून आणावयाची नव्हती. आपल्याच गावची दोन मुले जूनपासून तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसून जातात, हे वेशीवरच्या पाराससुद्धा माहीत आहे. त्यांच्या पालकांनी शाळा सोडल्याचा दाखला अद्याप नेलेला नाही, आणि नेण्याची निकडही नाही; कारण दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असे उपरिनिर्दिष्ट कायद्याच्या ५ व्या कलमाने फर्मावून ठेवले आहे. कलमाचा हेतू अत्यंत उदात्त. पण त्याच्या आडोशाने एकच मूल दोन हजेरीपत्रकांत निर्वेध नांदू शकते, ही त्याची उपयुक्तता आपल्या लक्षात येऊ नये याचे नवल वाटते. तिसरे नाव अंगणवाडीत होते. त्याचे वय भरत नव्हते हे मान्य, परंतु वय भरविण्याची कला मुख्याध्यापकांच्या पिढ्यान्पिढ्यांस अवगत आहे, हे महाराष्ट्रातील असंख्य प्रौढ स्त्रीपुरुषांचा जन्म १ जून ह्याच तारखेस झालेला आहे त्यावरून सिद्ध होते. जूनमध्ये शाळा उघडावी, बापाने मुलास हाताला धरून आणावे, त्यास जन्मतिथी विचारता त्याने पुराच्या किंवा दुष्काळाच्या सालाचा हवाला द्यावा, आणि गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहून मोकळे व्हावे, ही आपली राष्ट्रीय परंपरा आहे. त्या तारखेवर लोक नोकरीस लागले, आणि त्याच तारखेच्या हिशेबाने सन्मानपूर्वक निवृत्तही झाले. चौथे नाव मी सुचवीत नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाने ते आपणांस आपोआप सुचावयास हवे होते.

पटावरच्या अशा विद्यार्थ्यासारखा गुणी विद्यार्थी दुसरा नाही. तो उशिरा येत नाही, त्याची पाटी फुटत नाही, त्याचा बाप शाळेत येऊन आरडाओरडा करीत नाही. पावसाळ्यात छत गळू लागले तरी तो भिजत नाही. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गाच्या मुलामागे रोजचे १०० ग्रॅम धान्य धरलेले असते. तेही तो नावापुरते घेतो, खात नाही. परीक्षेत तो कोणासही मागे टाकत नाही आणि स्वतः मागे पडत नाही, कारण आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण दीर्घकाळ चालले ते जणू त्याच्यासाठीच आखलेले होते. एका शिक्षकाची नोकरी, एका तुकडीची मान्यता आणि एका संस्थेची अब्रू एवढा भार हा अदृश्य बालक आपल्या चिमुकल्या खांद्यांवर बिनबोभाट वाहतो, आणि आपण त्यास जन्मच घेऊ दिला नाहीत.

आपण म्हणाल, पडताळणी झाली तर? झाली होती की! नांदेड जिल्ह्यातल्या पडताळणीने जी खोटी नावे उजेडात आली त्यांवरून बोध घेऊन सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ह्या तीन दिवसांत, ऐन दसऱ्याच्या तोंडावर, सबंध राज्यभर एकदम पटपडताळणी काढली. महसुलाची आणि इतर खात्यांची माणसे शाळाशाळांतून फिरली, आणि एकाच मुलाने सकाळी एका शाळेत व दुपारी दुसऱ्या शाळेत हजेरी लावू नये म्हणून मतदाराच्या बोटास लावतात तशी शाई मुलांच्या बोटांस लावण्यात आली. पटावर असून वर्गात न सापडलेल्या मुलांची संख्या वीस लाखांच्या घरात गेली. त्या वीस लाखांत आजारी होते, रानात कापूस वेचावयास गेलेले होते, मामाच्या गावी गेलेले होते, आणि कधीच जन्मास न आलेलेही होते. शाई ह्यांत भेद करू शकत नव्हती. बोट असले तर ती लागते, नसले तर नाही, एवढेच तिचे ज्ञान. ज्या शाळांत निम्मी मुलेही सापडली नाहीत त्यांच्यावरील कारवाईचा घोळ मग वर्षानुवर्षे कचेऱ्यांतून व न्यायालयांतून फिरत राहिला; आणि पटाचा जिना मात्र होता तेथेच, होता तसाच राहिला. पायरीवर उभ्या असलेल्या मनुष्याला तू किती उंच आहेस हे तूच मोजून सांग, आणि उंची कमी भरली तर खाली उतर, असे सांगितल्यावर तो टाचा उंचावील हे समजण्यास तीन दिवस आणि एवढी शाई लागावी, याचे मला आजही कोडे आहे. (हे वाक्य माझ्या हातून अंमळ गंभीर झाले, पत्राच्या हेतूशी ते विसंगत असल्याने आपण ते वगळून वाचावे.)

त्यानंतर आकड्यांचे दिवस गेले आणि नावांचे आले. २०१५ मध्ये राज्याची ‘सरल’ प्रणाली आली; देशाच्या ‘यूडायस प्लस’ या शालेय माहितीप्रणालीने २०२२-२३ पासून शाळेची बेरीज मागणे सोडून एकेका मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव आणि आधार क्रमांक मागण्यास आरंभ केला. परिणाम असा झाला की देशाची शालेय पटसंख्या, जी २०२१-२२ मध्ये साडेसव्वीस कोटींच्या वर होती, ती २०२३-२४ मध्ये २४ कोटी ८० लाखांवर आली. पावणेदोन कोटी मुले दोन वर्षांत कोठे गेली, असा आक्रोश करण्याचे कारण नाही. मोजण्याची रीत बदलल्याने जुन्या व नव्या आकड्यांची सरळ तुलना करू नये, असा खुलासा खुद्द मंत्रालयाने केला आहे. बेरजेत मावलेली कित्येक मुले नावानिशी हाक मारताच उठून उभी राहिली नाहीत, एवढाच त्याचा साधा अर्थ मी घेतो, आणि सरकारी खुलाशाचा इतका साधा अर्थ घेण्याची सवय मला नोकरीत असताना नव्हती.

म्हणजे आता तरी आपल्यासारख्यांचे दिवस आले, असे आपणांस वाटले असल्यास तो आपला भ्रम होय. आपल्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसणारी ती मुलगी घ्या, जिची पाटी मी स्वतः पाहिली आहे आणि जिचे अक्षर माझ्या खात्यातल्या पुष्कळ कारकुनांहून सरस आहे. तिचे आधार कार्ड काढणाऱ्याने तिच्या नावातला एक काना खाल्ला, लिंगाच्या रकान्यात पुरुष अशी नोंद केली, आणि जन्मतारखेत महिना व दिवस यांची अदलाबदल केली. ती रोज येते. प्रार्थनेत पुढे उभी असते. खिचडी खाते, तीही खरीखुरी. पण यंत्राने तिच्या नावापुढे तांबडा शेरा मारला, आणि गेल्या काही वर्षांत संचमान्यतेस आधार जुळलेलाच विद्यार्थी धरण्याची जी वहिवाट पडली तिच्या योगाने ही मुलगी शाळेत हजर आणि दप्तरी गैरहजर झाली. आपल्या ५७ मध्ये आपण तिला धरले आहे. यंत्राने धरलेले नाही. तेव्हा आपला खरा आकडा तेथे पोहोचेपर्यंत ५६ झाला असल्याचे आपणांस आगाऊ कळवून ठेवतो, म्हणजे तफावतीचा खुलासा मागविला गेला असता धक्का बसणार नाही.

तीच गोष्ट वस्तीवरच्या सहा मुलांची. ३० सप्टेंबरला ती शाळेत होती, हे निर्विवाद. दसरा झाला, ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेल्या आईबापांनी कोयते बांधले, आणि दिवाळीच्या मागेपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, शेळी आणि मुले घालून ती कुटुंबे कारखान्याच्या वाटेस लागली. आता गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलापर्यंत, त्यांचे दर्शन नाही. हंगामी वसतिगृहाची योजना सरकारने त्यासाठीच काढली आहे. पण म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर पाच वर्षांचे पोर मागे ठेवण्यास जी आई तयार नाही, तिला योजनेचा शासननिर्णय वाचून दाखवून काय उपयोग? ही मुले पटावर खरी आणि बाकावर खोटी. त्यांची नावे कमी केलीत तर आपण त्यांना शाळाबाह्य केलेत. ‘यूडायस’च्या ड्रॉपबॉक्समध्ये ती नावे जाऊन पडतील, आणि दुसऱ्या शाळेने ती उचलून घेतली नाहीत तर तेथेच पडून राहतील. नावे ठेवलीत, आणि जानेवारीत कोणी पाहुणा मोजणीस आला, तर आपण बोगस पटाचे धनी. ३० सप्टेंबर ही तारीख कोणी निवडली हे मला माहीत नाही. त्याने ऊस तोडला नव्हता, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

पूर्वीच्या राजवटी ह्या बाबतीत फारच अडाणी होत्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. म्हणजे मूल कोठे आहे याचा जाब ते बापास विचारीत, आणि बाप गरीब असला तरी निदान त्यास उत्तर तरी ठाऊक असे. आपण पुष्कळ पुढे आलो आहो. आज मुलाच्या गैरहजेरीचा दंड मास्तरास बसतो, तोही रुपयाने नव्हे तर अख्ख्या पदाने, आणि मूल किती आहे हे सांगण्याचा अधिकार त्याच मास्तराकडे ठेवलेला आहे. ह्या रचनेतून आजवर इतकी खोटी नावे निघाली याचा गवगवा झाला, परंतु इतके खरे आकडेही निघत राहिले, हे मला त्याहून अचंब्याचे वाटते; आणि आपल्यासारखी माणसे खात्याच्या कोणत्या हिशेबाने निपजतात याचा शोध घेण्यासाठी एखादी समिती नेमावी, अशी शिफारस मी सेवेत असतो तर नक्की केली असती.

असो. झाले ते झाले. आता गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून जे पत्र येईल, त्यात आपला पट एकाएकी सहाने कमी होण्याचे कारण विचारलेले असेल आणि उत्तरास चोवीस तासांची मुदत असेल. उत्तरात ‘मुले तेवढीच आहेत’ असे लिहू नये. ते उद्धटपणाचे दिसते. ‘पटनोंदणी पंधरवड्यात घरोघरी भेटी देऊनही जन्मदर व स्थलांतर या कारणांस्तव अपेक्षित वाढ साध्य झाली नाही, पुढील वर्षी प्रयत्नांची पराकाष्ठा करण्यात येईल’ असा मजकूर लिहावा. सोबत प्रभातफेरीची दोन छायाचित्रे जोडावी, त्यांत मुले दाट उभी केलेली असावीत. अतिरिक्त ठरणाऱ्या बाईंना आधी सांगून ठेवावे, म्हणजे त्यांस ती एस. टी. एकदा पाहून येता येईल. आणि ज्या अर्थी शंभर टक्के खरा पट हा ह्या परिसरात अपवाद आहे, त्या अर्थी तपासणीसाठी पथक पहिल्याने आपल्याकडेच येईल हे उघड आहे. तेव्हा शाईची बाटली शाळेनेच आणून ठेवावी, तिची पावती सादिलवार खर्चात दाखविता येते.

कळावे, लोभ आहे तो वाढू नये, कारण त्याची नोंद कोठे करावी हा पुन्हा प्रश्न होईल.

आपला,
एक पेन्शनर हेडक्लार्क