मे महिन्यातली पोपटी

रायगडच्या किनाऱ्यावर हल्ली समुद्र नुसता बघून चालत नाही, तो ‘अनुभवावा’ लागतो. 2020 साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाड्या बोटीतून थेट किनाऱ्यावर उतरू लागल्या आणि पाहुण्यांना वाळू नि घोडागाडी पुरेना. मग निघालं ‘स्थानिकांसोबत सर्जनशील पर्यटन’. त्याचा मानकरी पदार्थ पोपटी. तीही मे महिन्यात!

पोपटी थंडीतली. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल येतो, पौष-माघात शेंगा भरतात आणि तेव्हाच बांधावर भांबुर्डा माजलेला असतो. मडक्याच्या तळाशी त्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं शेतातच उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. पाणी थेंबभरही नाही. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं.

मे महिन्यात ओला वाल नाही, म्हणून फरसबी आली. भांबुर्डा नाही, म्हणून कोबीची पानं आली. कोबीच का? तर सॅलडचा उरला होता. जाळाने रिसॉर्टचं लॉन करपतं, म्हणून पोपटी आत गॅसवर शिजते आणि बाहेर काजळी फासलेलं दुसरं मडकं पेंढ्याच्या चार काड्यांत मिरवतं. पाहुणे गोल करून बसतात, डोळे मिटून मातीचा सुगंध घेतात. येतो तो कोबीचा. आता उरला स्थानिक. तो मात्र अस्सल आहे, शेजारच्या गावातला आगरी शेतकरी. त्याला कोळ्याचा रुमाल नेसवलाय, कारण माहितीपत्रकात कोळी छापून झालाय. त्याचं सर्जनशील काम एकच: मडक्यावर पाणी शिंपडायचं आणि चर्र वाजलं की “झाली” म्हणायचं. गार मडकं चर्र कसं वाजणार? मग तो तोंडाने वाजवतो. “दादा, जरा मोठ्याने,” व्यवस्थापक सांगतो, “मागे ऐकू नाही गेलं.”

हे लॉन म्हणजे कालपरवापर्यंत वालाचं शेत होतं. बांध सपाट झाला, भांबुर्डा गेला, समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटेवर फाटक बसलं. शेत विकताना, भिंत घालताना, दर ठरवताना गावाला कुणी ‘सहभागी’ करून घेतलं नाही. सहभाग हवा तो फक्त चर्र म्हणण्यापुरता! लाज वाटायला हवी.

ऐन पावसाळ्यात आता अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विणायची कार्यशाळा निघणार म्हणे. या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काढणी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते आणि वेणी पडते ती पातीची. श्रावणात पात कुठून आणणार? कोबी आहेच.

तेव्हा पोपटी खायचीच असेल तर जानेवारीत या. गावातल्या कुणाच्या शेतावर बसा, पाला खुडायला हात लावा आणि पैसे मडकं लावणाऱ्याच्याच हातात द्या.