सुख म्हणजे कुऱ्हाड

माझ्याकडे सतरा लष्करी पदकं आणि बिल्ले आहेत. लढाई मात्र मी आयुष्यात एकच पाहिली, सोसायटीच्या पार्किंगची, आणि तीत मी पहिल्याच दिवशी तह केला. पदकं मंगोलियाची आहेत. हे सांगितलं की समोरचा ‘अरे वा’ म्हणतो आणि पुढचं वाक्य शोधत बसतो. ते त्याला सहसा सापडत नाही.

कंपनीनं आठ दिवसांसाठी उलानबातरला पाठवलं होतं, तेव्हा हे वेड जडलं. फेब्रुवारी होता आणि नाक चेहऱ्यावर आहे की गळून पडलं, हे अधूनमधून हात लावून बघावं लागत होतं. सुट्टीच्या दिवशी नारान तूल बाजारात गेलो तो लोकरीचे मोजे घ्यायला. मोजे राहिले. एका बाईनं बाकड्यावर चादर अंथरून पदकांचे वाटे लावले होते, आपल्याकडे आठवडी बाजारात लिंबांचे लावतात तसे. तिनं कॅल्क्युलेटरवर आकडा दाबला, मी निम्मा दाबला, तिनं तो पाहून माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच थोडा वाढवला. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे सौदा फार सभ्यपणे पार पडला.

भाषा येत नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. घरी येऊन वाचू लागलो तर शेजारच्या वाड्यातली माणसं भेटावीत तसे शब्द भेटू लागले. मंगोलियाचं राष्ट्रचिन्ह सोयोंबो. तो शब्द म्हणजे आपला ‘स्वयंभू’. १६८६ मध्ये ज्या धर्मगुरूनं त्या नावाची लिपी केली तो झानाबाझार, म्हणजे ‘ज्ञानवज्र’. १९२१ च्या क्रांतीचा पुढारी सुखबातर. यातला ‘बातर’ हा आपल्या ‘बहादूर’चा सख्खा नातेवाईक, आपल्याकडे फारसीच्या दारानं आलेला. ‘उलान’ म्हणजे लाल, तेव्हा राजधानीचं नाव चक्क लालबहादूर. आणि ‘सुख’ म्हणजे कुऱ्हाड.

हा शेवटचा शोध मी स्वयंपाकघरात जाहीर केला. बायको मेथी निवडत होती. “एवढं कळायला तुम्हाला मंगोलियाला जावं लागलं?” ती म्हणाली.

सोयोंबोच्या पोटात दोन मासे असतात. मासे डोळे मिटत नाहीत म्हणून ते सावधपणाचं चिन्ह, असं तिथे सांगतात. ते मासे छातीवर असलेली पदकं मी पुढची दोन वर्षं डोळे मिटून विकत घेत होतो.

माझा मुकुटमणी होता खलखिन गोलचा बिल्ला. १९३९ च्या मे ते सप्टेंबर या काळात खलखिन गोल नदीकाठी रशियन आणि मंगोल फौजांनी जपान्यांना असं हाणलं की झुकॉव्ह या सेनापतीचं नाव तिथेच झालं. लढलेल्यांसाठी पुढच्या वर्षी बिल्ला निघाला. त्यावर तलवार उपसलेला घोडेस्वार आहे. माझ्या बिल्ल्यातल्या स्वाराच्या हातात मात्र शेवग्याची शेंग असावी असं वाटायचं, आणि घोडा तब्येतीनं शेळीकडे झुकलेला. मी त्याला ‘मंगोल शैली’ म्हणत असे. आमच्या गल्लीतल्या सोनारकाकांनी डोळ्याला भिंग लावलं, बिल्ला उलटासुलटा केला आणि विचारलं, “कितीला घेतलात?” मी निम्मा आकडा सांगितला. ते म्हणाले, “तरी फसलात.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजवर कुठल्याही संग्राहकानं इतक्या थोडक्यात सांगितलेलं नाही. खरं पदक ठशावर ठोकलेलं असतं. दाबाखाली धातू कोपऱ्याकोपऱ्यात जातो, त्यामुळे घोड्याची आयाळ, लगाम, स्वाराची बोटं धारदार उठतात. नकली बहुधा ओतीव. खऱ्या पदकावरून साचा घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. रस निवताना धातू आकसतो, म्हणून नक्कल अस्सलापेक्षा केसभर लहान निघते, आणि भिंगाखाली तिच्या अंगावर देवीचे व्रण दिसतात. मिन्याचंही तसंच. खरा मीना म्हणजे भट्टीत वितळवलेली काच. काकांनी टाचणी टेकवली आणि माझ्या बिल्ल्याचा तांबडा रंग सालीसारखा उचकटला. “हा मीना नाही, रंग आहे,” असं म्हणून त्यांनी बिल्ला परत दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची नथ हातात घेतली.

त्या रात्री मी मुलीची नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस घेऊन बसलो. खऱ्या मिन्याला त्या द्रवानं काही होत नाही. पहाटेपर्यंत माझी तीन पदकं पांढरीफटक पडली होती आणि मुलीनं बोलणं सोडलं होतं.

पण धातूवरून पकडणं हे सोनाराचं काम. त्यात माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला फारसा वाव नाही. मला खरी चटक लागली ती इतिहासावरून पकडण्याची. नक्कल करणाऱ्याला धातू कळतो, भट्टी कळते. देशाची अडचण कळत नाही. आणि खऱ्या पदकावर त्या त्या वेळची देशाची अडचण उमटलेली असते.

उदाहरणार्थ लिपी. मंगोल लिपी उभी, वरून खाली उतरणारी. रशियन वळणाची अक्षरं घ्यायचं १९४१ मध्ये ठरलं आणि १९४६ पासून ती सरकारदरबारी रुजू झाली. मला एका गृहस्थांनी १९२६ चं म्हणून जे पदक दाखवलं त्यावर ती रशियन वळणाची अक्षरं होती, म्हणजे पेशव्यांच्या पत्राखाली पिनकोड. शिवाय मंगोल भाषेसाठी त्या लिपीत दोन जादा अक्षरं घातलेली आहेत. त्यातलं एक म्हणजे पोटातून आडवी रेघ गेलेला गोल. नकली पदकांत ती रेघ पुष्कळदा विसरलेली असते. १९९२ च्या राज्यघटनेनं देशाच्या नावातलं ‘जनप्रजासत्ताक’ गेलं आणि झेंड्यावरच्या सोयोंबोच्या डोक्यावरचा ताराही उतरला. तेव्हा तारीख नंतरची आणि नाव जुनं, असा माल दिसला की मी आता नुसता हसतो. पूर्वी पैसे द्यायचो.

या शिक्षणाची सर्वांत मोठी फी मी चंगीझ खानाला भरली. १९५६ चं शौर्यपदक, त्यावर दाढीवाला चंगीझ, खाली जनप्रजासत्ताकाचं नाव. कोणाकडून घेतलं ते सांगत नाही, कारण मी ते त्याच्या गळी पडून घेतलं होतं. आता हा चंगीझ आपल्याला मंगोलियाचं कुलदैवत वाटतो. तिथल्या साम्यवादी राजवटीच्या लेखी तो सरंजामशहा होता आणि त्याचं नाव काढणं मॉस्कोला खपत नसे. १९६२ मध्ये त्याच्या जन्माला ८०० वर्षं झाली म्हणून टपाल तिकिटं निघाली, तर त्या सोहळ्याला उचलून धरणारा तोमोर ओचिर नावाचा बडा नेता पदावरून गेला. तोमोर म्हणजे लोखंड, ओचिर म्हणजे वज्र. लोहवज्राची नोकरी ज्याच्यापायी गेली, त्याचा चेहरा सरकार सहा वर्षं आधी शिपायांच्या छातीवर कशाला लावील? हे कळलं तेव्हा मी ते पदक हातात घेऊन बराच वेळ बसलो. ते इतकं देखणं होतं की तिथेच शंका यायला हवी होती.

या विद्येचा तोटा असा की ती डोळ्यांतून जात नाही. पुन्हा एकदा कामासाठी तिकडे गेलो तो त्सागान सारचा, त्यांच्या नववर्षाचा सुमार होता. सणाला म्हातारी माणसं रेशमी देल, म्हणजे तिकडचा अंगरखा, घालतात, आणि ज्यांना मिळाली आहेत ती छातीभर पदकं लावतात. हॉटेलच्या दिवाणखान्यात असे एक आजोबा मीठ घातलेला दुधाचा चहा घेत बसले होते. त्यांच्या छातीवर ‘बिद यालाव’ होतं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये मंगोलियानं जपानविरुद्ध युद्ध पुकारलं, त्या मोहिमेचं हे पदक. नावाचा अर्थ ‘आम्ही जिंकलो’. आपल्याकडे समिती नेमून किमान सात शब्द झाले असते. मी नमस्कार केला आणि नकळत वाकून त्याची कड बघू लागलो. खिशातलं भिंग कधी बाहेर आलं ते कळलं नाही. आजोबांनी चहा खाली ठेवला, छाती थोडी पुढे केली आणि मला नीट बघू दिलं. मग हात पुढे करून त्यांनी भिंग मागितलं आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं.

परवा गावाहून आत्या आली. वय चौऱ्याऐंशी. कपाट उघडून एकेक पदक दाखवलं. शौर्याच्या सगळ्या पदकांना तिनं “हं” एवढ्यावर भागवलं. कोपऱ्यात एक बिगरलष्करी होतं, ‘आल्दार्त एख’, म्हणजे कीर्तिवंत माता. १९५७ पासून मंगोलिया हे पदक आयांना देतो. आजच्या नियमानं चार मुलांना दुसऱ्या दर्जाचं, सहा किंवा जास्त असली तर पहिल्या दर्जाचं.

“सरकार देतं?” आत्यानं विचारलं.

“हो.”

“पोरं झाल्याबद्दल?”

“हो.”

“हे कितव्या दर्जाचं?”

“पहिल्या.”

आत्याला सात मुलं. तिनं पदक उचललं, उलटं करून मागचा भाग पाहिला, पुन्हा सुलटं केलं. मी घाबरून म्हटलं, “अगं, ते ओरिजिनल आहे.”

“मग माझी काय नकली आहेत?” असं म्हणून तिनं ते पदराला लावलं आणि “चहा टाक गं” म्हणत स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.नं ती परत गेली, तेव्हाही ते पदरालाच होतं. सतरा लष्करी तेवढी जागच्या जागी आहेत.